आईची उजवी मूठ

आईच्या उजव्या हाताला धरता येतं, सोडता येत नाही.

डॉक्टर लोकांकडे याला लांबलचक नाव आहे. आमच्या घरात एवढंच म्हणतात, "हात मिटला." आईनं उजव्या हातात चहाचा कप घेतला, की चहा संपल्यावर कुणीतरी जाऊन तिची बोटं एकेक करून उलगडायची आणि कप काढून घ्यायचा. बहुतेक वेळा मीच. करंगळीपासून सुरुवात करायची, अंगठा शेवटी. उलटं केलं तर मूठ आणखी आवळते.

आणि ही बाई कोण, तर 'ज्योती लेडीज स्कूटी क्लास'ची मालकीण, मास्तरीण आणि एकुलती एक शिपाई! हुबळीतल्या निम्म्या बायकांना हिनंच गाडी शिकवली असं अप्पा सांगत फिरतात. अप्पांचं कोप्पीकर रोडवर हेल्मेटचं दुकान आहे, त्यामुळे त्यांना ते सांगणं परवडतंही.

गेल्या उन्हाळ्यात आईला स्ट्रोक आला. पाय सुधारला. बोलणं तर आठवड्यात परत आलं ("ते कुठं जाणार होतं?" इति अप्पा). हात तेवढा राहिला. खंडेनवमीला स्कूटीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि आई म्हणाली, "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते की." अॅक्सिलरेटर उजव्या हातात असतो. आईनं पिळला, गाडी झकास निघाली. मग तो हात सुटेना. गाडी वेग घेत गेली, आम्ही मागून ओरडतोय, आणि शेवटी आईनं डाव्या हातानं ब्रेक दाबत गाडी मुद्दाम एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण मी धावत पोचले तेव्हा ती वाळूत अर्धी रुतलेली, उजवा हात अजून हँडलला तसाच, इंजिन घरघरतंय, आणि ती त्या हाताकडे अशी बघत होती की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. हात मात्र मला उलगडावा लागला.

त्या दिवसापासून किल्ली अप्पांच्या दुकानात. क्लासचा बोर्ड गेटवर तसाच. आणि आई दिवसभर टीव्हीसमोर, उजवा हात पदराखाली.

इथं माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीला 'येस मिस'सुद्धा ओठातल्या ओठात म्हणायचे. मग विज्ञानाच्या सेमिनारला बाईंनी मला ढकललं, तेही कन्नडमध्ये, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलत सुटले ती सुटलेच. तालुक्यात पहिली आले. तेव्हापासून मला वाटतं, कुणालाही काहीही समजावून सांगता येतं, फक्त आपल्याला ते नीट समजलेलं असलं पाहिजे. दहावीतल्या मुलीला असं वाटणं धोक्याचं असतं, हे मला या गोष्टीत कळलं.

कारण धारवाडच्या डॉक्टर मनीषांकडे आईला नेऊया, हा हट्ट माझा होता.

डॉ. मनीषा तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूवर अभ्यास करतात. आम्ही चौघं गेलो होतो. मी, आई, अप्पा आणि अक्का. अक्का म्हणजे अप्पांची मोठी बहीण पद्मा. खरं तर माझी आत्या, पण सगळ्या घराची अक्का. नवरा गेल्यापासून निपाणी सोडून आमच्याकडेच असते.

"डोक्याला करंट?" अक्कानं पहिल्या वाक्यालाच विचारलं.

"शॉक नाही हो, अक्का," डॉक्टर म्हणाल्या. "दोन ओले स्पंज, एक पट्टा, बॅटरीची छोटी डबी. करंट इतका कमी की मुंग्या आल्यासारखं वाटेल. तेवढ्यात प्रसाद यांच्याकडून हाताचा व्यायाम करून घेईल."

प्रसाद म्हणजे त्यांचा टेक्निशियन. त्यानं हात जोडले. अक्कानं जोडले नाहीत.

"त्यानं आत काय होतं?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. मेंदूत एक रसायन पेशींना 'चल' म्हणतं, त्याचं नाव ग्लुटामेट. दुसरं 'थांब' म्हणतं, ते गाबा. हात काही नवं शिकत असतो तेव्हा मेंदूतल्या त्याच्या जागेवर 'थांब' जरा कमी व्हावं लागतं. अशा करंटनं ते कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत दिसलं नाही. म्हणून डॉक्टर ते मोजणार होत्या, स्कॅनमध्ये, एकदा आधी आणि एकदा शेवटच्या बैठकीनंतर.

"म्हणजे एक अॅक्सिलरेटर आणि एक ब्रेक," आई म्हणाली.

"तसंच समजा."

"आणि तुम्ही माझा ब्रेक ढिला करणार? डॉक्टर, मला तर ब्रेकच हवाय की हो. माझा अॅक्सिलरेटर अडकतो!"

डॉक्टर हसल्या. "हात उघडणं हेही एक कामच आहे, ज्योतीक्का. तुमचा मेंदू ते काम विसरलाय. ते परत शिकायचं, त्यासाठी."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, आणि सगळ्यांचे चेहरे पडले. अभ्यासातल्या अर्ध्या लोकांना खरा करंट. अर्ध्यांना सुरुवातीला थोडासा देऊन गुपचूप बंद. मुंग्या दोघांनाही येतात. कुणाला कोणता, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं, कॉम्प्युटर ठरवतो, आणि सगळा अभ्यास संपल्यावरच कळतं. व्यायाम मात्र दोघांनाही खराच.

"म्हणजे बंद पंख्याखाली बसवून वारा लागला का विचारायचं!" अक्का म्हणाली.

आईनं कागद स्वतःकडे ओढला. मग डाव्या हातात पेन घेतलं आणि वेडीवाकडी सही केली.

"वाळूपेक्षा बरंय," ती म्हणाली.

पहिलं स्कॅन झालं. मग रोज शाळा सुटली की मी घरी यायचे, आई तयार असायची, आणि आम्ही चिगरी नावाच्या जलद बसनं धारवाडला. पहिल्या दिवशी प्रसादनं आईच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, केस बाजूला करून एक स्पंज ठेवला, दुसरा कपाळावर, वरून पट्टा. आई रबरी टोपी घातलेल्या पोहणारीसारखी दिसायला लागली. डबी सुरू झाली. आईनं डोळे मिटले.

"आला गं."

"कसा आहे?"

"खाजरा आहे."

मग व्यायाम. लाकडी रिंग उचलायची, खांबाजवळ न्यायची आणि सोडायची. उचलणं फटक्यात व्हायचं. सोडताना आईच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि शेवटी प्रसादच बोटं उलगडायचा. पण चौथ्या-पाचव्या दिवशी एक रिंग पडली. म्हणजे आपण होऊन! मी टाळ्या वाजवल्या तर प्रसाद म्हणाला, "स्वल्प हळू, शेजारी पेशंट आहेत."

आणि नेमकं तेव्हापासून मला भीती वाटायला लागली.

मी फोनवर वाचत होते ना. वाचायला नको होतं. मेंदूत 'थांब' म्हणणारं रसायन फारच कमी झालं तर माणसाला फिट येऊ शकते, असं एका ठिकाणी होतं. मी डॉक्टरांना विचारलंही. त्या म्हणाल्या, "इतक्या कमी करंटला तशी भीती नाही. आणि आईंना आधी कधी फिट आलेली नाही, ते बघूनच घेतलंय." पटलं. बसमध्ये बसेपर्यंत पटलेलं होतं. मग आई खिडकीवाल्या बाईशी भांडली. माझी आई, जिनं अख्ख्या आयुष्यात शिकणाऱ्या बायकांवर आवाज चढवला नाही, ती एका अनोळखी बाईला "एवढं वारं हवंय तर छपरावर बसा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर साबणाची जाहिरात बघून रडली. मी तिच्याकडे बघत राहिले. ब्रेक उतरत चाललाय का? नेमका किती? तो थांबणार कुठं? हात उघडेल आणि आई दुसरीच कुणी होईल का? बाहेरून काहीच दिसत नाही हो. स्पंज दिसतो, पट्टा दिसतो, आत काय कमी झालं आणि काय वाढलं ते कुणाला दिसतं? जेवताना ती बोलायची थांबली की मी तिच्या डोळ्यांकडे बघायचे.

"काय बघायलीस गं माकडासारखी?"

"काही नाही."

"मग जेव की."

आणि उलटं भय वेगळंच. करंट खोटाच असला तर? रिंग नुसती निसटली असली तर?

मग यंत्र बंद पडलं.

दुसऱ्या आठवड्याची सुरुवात होती. प्रसादनं पट्टा बांधला, डबी चालू केली, डबीनं पीं पीं केलं आणि बंद. त्यानं स्पंज पुन्हा मीठपाण्यात बुडवले, पुन्हा बांधले. पुन्हा पीं पीं. "रेझिस्टन्स वाढतोय," तो म्हणाला. "करंट आत जाईना. अशा वेळी मशिन आपणच बंद होतं, कातडी भाजू नये म्हणून." डॉक्टर आल्या, त्यांनी वायर बदलली, डबी बदलली. नाहीच. त्या दिवसाची बैठक वाया. दुसऱ्या दिवशीही तेच.

"ज्योतीक्का, डोक्याला काही लावलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली, आणि खिडकीकडे बघितलं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सायली, आणखी एक बैठक अशी गेली तर मला यांना अभ्यासातून काढावं लागेल. नियमच तसा आहे. बाहेर अशी सोय सहज मिळायची नाही."

परतीच्या बसमध्ये मी गप्प होते. मी! माझ्या डोक्यात एकच फिरत होतं की आईचा मेंदूच करंटला नको म्हणतोय. त्यानं दार लावून घेतलंय. नवलूरच्या पुढं आईला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हललेही नाही. हुबळीला उतरताना माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टवर, खांद्याला, तळहाताएवढा पिवळट डाग. मी वास घेतला.

एरंडेल.

"आई!"

"ओरडू नको रस्त्यात."

"तू डोक्याला तेल लावलंयस? कुणी लावलं? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

"चमचाभर तर असतं गं. टाळूवर. आणि जरा त्या कानाच्या वर." आई फुटपाथवर उभी राहिली. "मीच मागच्या शनिवारी म्हणाले, स्पंजाखाली गरम गरम वाटतं. मग अक्कानं सुरू केलं. तू शाळेत असतेस तेव्हा. मला शपथ घातलीय, सांगू नको म्हणून."

"आणि तू ऐकलंस?"

"सायली," आई म्हणाली, "मला आंघोळ कोण घालतं? वेणी कोण घालतं? साडी नेसवून मला रोज बससाठी कोण तयार करतं? तिला नाही कसं म्हणू?"

मी घरात शिरले ती थेट स्वयंपाकघरात. अक्का मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्या सुरू केलं. तेलातून वीज जात नाही. मीठपाण्यातून जाते. तेलाचा थर आला की रेझिस्टन्स वाढतो, यंत्र बंद पडतं. उष्णता वगैरे काही नसते, त्या मुंग्या असतात. आत फक्त रसायनं बदलतात, गाबा आणि ग्लुटामेट. मी सेमिनारमध्ये बोलले होते त्यापेक्षाही छान बोलले. अक्का मेथी निवडत राहिली.

"झालं?" तिनं विचारलं.

"अक्का, उद्या पण असंच झालं तर आईला काढून टाकतील!"

"काढू देत."

"काय?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुझ्या आतोबांना बघितलं नाहीस तू. माझे मालक. नागोजी." अक्का नवऱ्याचं नाव घेत नाही. मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. "त्यांना दवाखान्यात नेलं होतं, मन बिघडलं म्हणून. तेव्हाही सगळे असंच छान छान बोलले. आत फक्त एवढंच होतं, तेवढंच होतं. डोक्याला वीज लावली. घरी आणलं तर मला म्हणाले, तुम्ही कोण बाई? लग्नाला अकरा वर्षं झालेली माझ्या. तुम्ही कोण म्हणे. पुढं ओळखायला लागले. पण ते पहिले पंधरा दिवस मी परक्या बाईसारखी त्यांना जेवायला वाढलंय."

तो वेगळा उपचार, हा वेगळा, तो करंट कितीतरी पट जास्त असतो, हे सगळं मला माहीत होतं. पण तोंडातून शब्द निघेना. मी पुन्हा हजेरीवाली मुलगी झाले.

"ज्योती चार दिवस झाले कुणावरही खेकसते," अक्का म्हणाली. "तुला दिसत नाही? मला दिसतंय. डोकं तापलंय तिचं. उद्या ती मला कोण म्हणाली तर?"

म्हणजे तीही बघत होती! मी जेवताना आईच्या डोळ्यांकडे बघायचे, तेव्हा पलीकडून अक्काही तेच करत होती.

"मला पण भीती वाटते," मी म्हणाले. मला हे कुणालाच सांगायचं नव्हतं. "रोज वाटते."

"मी खेकसते," दारातून आवाज आला, "कारण मला माझ्याच घरात कप सोडता येत नाही." आई कधीची उभी होती. "माझं डोकं ठिकाणावर आहे, अक्का. तुम्ही पद्माक्का, या माकडाची आत्या, मेथी निवडताय आणि काड्या भाजीत टाकताय. ओळखलं ना मी?"

अक्कानं ताटाकडे बघितलं. काड्या खरंच भाजीत होत्या.

मग ती उठली आणि फडताळातून काशाची वाटी काढली. पूर्वी ती वाटी माझ्या पायाला लावायची, मला ताप आला की. तळपायाला तूप लावून वाटीनं घासत राहायचं, वाटी काळी पडते, मग म्हणतात उष्णता उतरली.

"डोक्याला तेल नाही लावत," अक्का म्हणाली. "डोकं तुमच्या डॉक्टरीणबाईचं. पाय माझे. आणि उद्या मी येणार बरोबर. तिथं बसणार. मला बघू दे काय करतात ते."

त्या संध्याकाळी आईचं डोकं शिकेकाईनं एकदा आणि माझ्या शाम्पूनं दोनदा धुतलं. तरी मला हाताला बुळबुळीत लागत होतं. एरंडेल कधी जातं का!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आईनंच सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आज चाललं तर चाललं." प्रसादनं स्पिरिट लावून कापसानं पुसलं. कापूस पिवळा झाला. पुन्हा पुसलं. अक्का त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"त्या पाण्यात काय घातलंय?"

"मीठ, अक्का."

"नुसतं?"

"नुसतं मीठ."

अक्कानं बोट बुडवलं आणि चाटलं. प्रसाद "अय्यो!" म्हणाला. "जरा जास्त झालंय," ती म्हणाली आणि बसली.

डबी सुरू झाली. पीं पीं झालं नाही. आईनं डोळे मिटले. "आला. खाजरा."

उरलेल्या बैठका झाल्या. अक्का रोज आली. वाटेत आईशी बोलत राहायची, निपाणीच्या कोणाकोणाची नावं विचारायची, आणि आई बरोबर सांगायची. ती परीक्षा घेतेय हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं. रिंगा कधी पडायच्या, कधी नाही. बऱ्याचदा नाहीच. शेवटच्या दिवशी तर एकही सुटली नाही. आई घामानं निथळली. प्रसाद मान खाली घालून रिंगा गोळा करायला लागला, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

त्यानंतर लगेच दुसरं स्कॅन. करंट संपल्यावर ठरलेल्या वेळात ते व्हायलाच हवं, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. अप्पा दुकान बंद करून आले होते. अंगावर धातूचं काही चालत नाही, म्हणून जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढायचं. अक्कानं घरूनच पिवळा दोरा आणि हळकुंड आणलं होतं, ते तिनं आईच्या गळ्यात बांधलं आणि मगच मंगळसूत्र काढलं. नंतर अक्का आणि अप्पा बाहेरच्या बाकावर बसले. मला डॉक्टरांनी काचेच्या अलीकडे, प्रसादच्या मागं उभं राहू दिलं, आईला आवाज ओळखीचा हवा म्हणून.

आई त्या बोगद्यात गेली. फक्त कमरेखालचं अंग आणि हात दिसत होते. आत घाबरल्यासारखं झालं तर दाबायचा म्हणून रबरी गोळा देतात, नळी लावलेला. तो दाबला की इकडं घंटा वाजते. प्रसाद घाईत होता, वेळ चालली होती, त्यानं तो आईच्या उजव्या हातात दिला.

मला दिसलं. मी तोंड उघडेपर्यंत त्यानं बाहेर येऊन दार लावून बटणही दाबलं होतं.

ठक ठक ठक सुरू झालं आणि जरा वेळानं घंटा वाजली. प्रसादनं यंत्र थांबवलं, बटण दाबून घंटा बंद केली. पुन्हा वाजली. पुन्हा बंद, पुन्हा वाजली.

"ज्योतीक्का! येनु आयतु? काय झालं?" तो माइकमध्ये म्हणाला.

"काही नाही झालं," आतून आईचा आवाज आला, खोल, विहिरीतून आल्यासारखा. "हात मिटला."

"मी येतो, काढतो."

"प्रसाद, थांब," डॉक्टर म्हणाल्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या. "डोकं हललं तर पहिल्यापासून सगळं लावावं लागेल. तेवढा वेळ नाही. ज्योतीक्का, तुम्हाला त्रास होतोय का? बाहेर काढू? काढायला हरकत नाही. स्कॅन गेलं तर गेलं."

"नको. कुणी येऊ नका."

घंटा वाजतच होती. प्रसादनं ती बंद करणं सोडून दिलं. काचेतून मला आईची मूठ दिसत होती, पांढरी पडलेली, मधे तो गोळा चेपून लिंबाएवढा झालेला. मी मनातल्या मनात करंगळीपासून सुरुवात करत होते. माझी स्वतःची बोटं हलत होती. बाहेरून अप्पांचा आवाज येत होता, "कशाची घंटा? अहो, कशाची घंटा ती?"

डॉक्टरांनी माइक माझ्या हातात दिला. "बोल काहीतरी."

"आई, मी आहे इथं. घाबरू नको. हे बघ, आधी श्वास घे, आणि मग तुझ्या करंगळीला..."

"सुम्ने बस गं सायली, गप्प!" आई म्हणाली. "मला काम करू दे."

मी सुम्ने बसले.

घंटा चालू. मूठ तशीच. मग मनगट जरा खाली गेलं, चादरीवर टेकलं. घंटा क्षणभर अडखळली आणि पुन्हा वाजायला लागली. करंगळी हलली. मला दिसलं ते. की मला वाटलं? अनामिका हलली. गोळा एका बाजूनं फुगला. पुन्हा आवळला. आत आई काहीतरी पुटपुटत होती, माइकवर शब्द कळत नव्हते, शिव्या असाव्यात. मग अंगठा, जो नेहमी शेवटी सुटतो, तो एकदम बाजूला झाला.

घंटा थांबली.

गोळा आईच्या तळहातावर होता. बोटं अर्धीच उघडलेली, वाकडी, थरथरणारी. पण गोळा आणि बोटांमध्ये जागा होती. मला ती जागा दिसत होती, पलीकडची निळी चादर दिसत होती तिच्यातून.

"सुटला," आई म्हणाली. "चालू करा."

"गोळा डाव्या हातात देऊ?" प्रसादनं विचारलं.

"राहू दे. परत मिटला तर परत सोडीन."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. मी त्यांना विचारलं, "म्हणजे करंट खराच होता ना?"

"मला माहीत नाही, सायली," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. आत्ता मोजू ते मोजू. त्यातूनही कदाचित कळणार नाही." आणि मग हळूच, "पण ते मी बघितलंय."

ठक ठक पुन्हा सुरू झालं. मी बाहेर गेले. अप्पा उभे होते, अक्काच्या ओटीत आईच्या बांगड्या आणि मंगळसूत्र होतं, आणि ती ते दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"हात मिटला होता," मी सांगितलं. "तिनं उघडला."

"कुणी उघडून दिला?" अक्कानं विचारलं.

"कुणी नाही."

"म्हणजे त्या प्रसादनं?"

"नाही अक्का. दार बंद होतं. आत कुणीच नव्हतं."

अप्पा खाली बसले. अक्कानं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि पुन्हा विचारलं, "कुणीच?"